सात संगणकांसाठी विंडोजचे नेमके किती परवाने विकत घ्यावे लागतील?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद आणि बेदाण्याची अडत असलेल्या एका पेढीच्या व्यवस्थापकांचा प्रश्न असा आहे. पेढीत सात संगणक आहेत. त्यांपैकी तीन ब्रँडेड संगणक २०१९ च्या महापुरानंतर नवे घेतलेले आहेत, दोन ब्रँडेड संगणक २०१६ च्या सुमाराचे असून वरच्या मजल्यावर असल्यामुळे पुरातून वाचलेले आहेत, आणि दोन स्थानिक दुकानातून जुळवून घेतलेले, म्हणजे असेंबल केलेले आहेत. सातही संगणकांवर विंडोज १० आहे. एका दुकानदाराने सात विंडोज ११ प्रोचे दरपत्रक दिले असून ती रक्कम लाखाच्या घरात जाते, तर एका संकेतस्थळावर तीच 'आजीवन की' ३९९ रुपयांना मिळते आहे. कायदेशीर परवाना स्वस्तात कसा मिळेल, आणि ३९९ रुपयांची की घेण्यात नेमकी अडचण काय, असे त्यांनी विचारले आहे.

सांगली-मिरज परिसरातील पेढ्या, पतसंस्था आणि दवाखाने यांचे संगणक मी गेली बावीस वर्षे सांभाळतो. त्या अनुभवावरून आधी उत्तर सांगतो आणि मग कारणे देतो. आपल्याला सात परवाने विकत घ्यावे लागणार नाहीत. बहुधा एकच घ्यावा लागेल, फार तर दोन. कायदेशीर परवान्यांत सर्वांत स्वस्त परवाना म्हणजे आपण संगणक घेताना ज्याचे पैसे आधीच मोजले आहेत तो, आणि बहुतेक पेढ्यांना तो आपल्याकडे आहे हेच ठाऊक नसते.

प्रथम की आणि परवाना यांतला फरक स्पष्ट करायला हवा, कारण स्वस्त कीचा सगळा बाजार या दोहोंच्या गल्लतीवर चालतो. की म्हणजे पंचवीस अक्षरे आणि अंक यांची एक ओळ असते. ती टाकली की संगणक मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारतो आणि विंडोज सक्रिय होते. परवाना म्हणजे ते सॉफ्टवेअर कोणी, किती संगणकांवर आणि कोणत्या अटींवर वापरायचे याचा करार होय. शेताच्या फाटकाची किल्ली हातात आली म्हणून सातबाऱ्यावर आपले नाव लागत नाही. सर्व्हर फक्त किल्ली कुलपाला बसते की नाही एवढेच पाहतो. ती कोणाच्या फाटकाची आहे, याचा तपास तो त्या क्षणी करत नाही. म्हणूनच 'की टाकली आणि चालू झाले, म्हणजे अस्सल असणार' हा युक्तिवाद टिकत नाही.

आता ३९९ रुपयांची की येते कुठून ते पाहू. अमेरिकेत विंडोज ११ होमची, म्हणजे साध्या आवृत्तीची, अधिकृत किरकोळ किंमत १३९ डॉलर आणि जास्त सोयी असलेल्या प्रोची १९९ डॉलर आहे. भारतातील किंमत थोडीफार वेगळी असली, तरी ती हजारांतच असते. त्यामुळे ३९९ हा आकडा सवलतीचा असूच शकत नाही. त्यामागे वेगळा व्यवहार असतो. सर्वाधिक आढळणारा प्रकार व्हॉल्यूम कीचा आहे. मोठ्या कंपन्यांना शेकडो संगणकांसाठी एकच की दिली जाते आणि तिच्यावर ठरावीक संख्येइतक्या सक्रियता चालतात. तिला एमएके म्हणतात. अशा कंपनीतून ती की बाहेर पडली, की कोणी तरी ती शेकडो गिऱ्हाइकांना एकेक करून विकतो. संख्या भरली की ती पुढच्या संगणकांवर चालत नाही, आणि मायक्रोसॉफ्टला संशय आला तर ती रद्दच होते. दुसरा प्रकार सॉफ्टवेअर विकसकांना केवळ चाचणीसाठी मिळणाऱ्या कींचा असतो, तिसरा भंगारात गेलेल्या ब्रँडेड संगणकांवरून उतरवून घेतलेल्या कींचा असतो, आणि काही वेळा चोरीच्या क्रेडिट कार्डावर घेतलेल्या की बाजारात फिरतात. पाचवा प्रकार सांगलीत घराघरांत आहे. दुकानात तीन-चारशे रुपयांत 'विंडोज मारून' मिळते तेव्हा अनेकदा त्यात की नसतेच. केएमएस नावाच्या कंपनीअंतर्गत यंत्रणेची नक्कल करणारा एक छोटा प्रोग्रॅम बसवलेला असतो. तो चालावा म्हणून अँटिव्हायरसला त्याच्याकडे दुर्लक्ष करण्याची सूचना दिलेली असते, आणि त्याच उघड्या खिडकीतून पुढे काय काय आत येते ते पेढीला कळत नाही. ज्या संगणकावरून आपण बँकेत आरटीजीएस करता, त्यावर असे काही असणे मला परवान्याच्या प्रश्नापेक्षाही गंभीर वाटते.

काही विक्रेते युरोपातील न्यायालयाने जुने परवाने विकण्यास मान्यता दिल्याचा दाखला देतात. तो दाखला अर्धा खरा आहे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी, ओरॅकल कंपनी पक्षकार असलेल्या एका प्रकरणात, कायमस्वरूपी परवाना पुढे विकता येतो असा निर्णय दिला. परंतु मूळ मालकाने आपली प्रत वापरणे बंद केले पाहिजे, आणि अनेक वापरकर्त्यांसाठी घेतलेला परवाना फोडून त्याचा तुकडा विकता येणार नाही, असेही त्यात म्हटले आहे. शिवाय तो निर्णय युरोपीय संघापुरता आहे. सांगलीच्या पेढीला त्याचा आधार नाही.

मी स्वतः या चुकीतून गेलो आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाच्या आग्रहावरून मी एका संकेतस्थळावरून पाच स्वस्त की घेतल्या. पाचही पहिल्या फटक्यात चालल्या, आणि मलाही वाटले की आपण उगाच घाबरत होतो. आठ महिन्यांनी, मार्चअखेरच्या गडबडीत, पाचही पडद्यांच्या कोपऱ्यात विंडोज सक्रिय करण्याची सूचना उमटली. विक्रेत्याचे संकेतस्थळ तोवर नाहीसे झाले होते. नंतर संगणकाला पुढे सांगितलेली आज्ञा देऊन पाहिले तेव्हा पाचही की व्हॉल्यूमच्या निघाल्या. ही तपासणी मी पहिल्याच दिवशी दोन मिनिटांत करू शकलो असतो. पाच परवान्यांचे पैसे मी माझ्या खिशातून भरले.

कायदेशीर परवान्यांमध्ये आपल्या कामाचे दोन प्रकार आहेत. संगणकाबरोबर कारखान्यातूनच येणारा तो ओईएम परवाना, आणि स्वतंत्रपणे विकत घेतलेला तो रिटेल परवाना. ओईएम स्वस्त पडतो, कारण संगणक बनवणारी कंपनी तो लाखोंच्या संख्येने घेते. मात्र तो त्याच संगणकाशी बांधलेला असतो आणि व्यवहारात संगणक म्हणजे त्याचा मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारी मुख्य पाटी. रिटेल महाग असतो, पण जुन्या संगणकावरून काढून नव्या संगणकावर नेता येतो. हा फरक पुस्तकी वाटतो, परंतु सांगलीकरांनी तो पाण्यात उभे राहून पाहिला आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४५ फुटांची धोक्याची खूण ओलांडून ५७ फुटांवर गेली, तेव्हा गणपती पेठ, हरभट रोड, मारुती रोड या भागांतील तळमजल्यावरचे संगणक कित्येक दिवस गढूळ पाण्याखाली राहिले. पुढचे दोन महिने मी जवळजवळ केवळ चिखलाने भरलेली यंत्रे उघडत होतो. हार्ड डिस्कमधला डेटा काही ठिकाणी वाचला, मदरबोर्ड मात्र क्वचितच वाचले. ज्यांचे परवाने ओईएम होते, त्यांचे परवाने मदरबोर्डाबरोबरच गेले. हमीच्या मुदतीत बिघडलेला बोर्ड कंपनीने बदलून दिला तर परवाना टिकतो, पण पुराचे पाणी हमीत बसत नाही. याउलट एका दुकानदाराकडे तीन रिटेल परवाने होते आणि त्यांची बिले ई-मेलमध्ये सुरक्षित होती. त्याने नवे संगणक घेतले आणि परवाने त्यांवर नेले. ज्यांनी रिटेल पेट्या दुकानातच, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या होत्या, त्यांचे कार्ड लगद्यात गेले; ते प्रकरण सोडवायला फार त्रास झाला.

आता आपल्या सात संगणकांपैकी प्रत्येकाजवळ काय आहे ते तपासावे. सेटिंग्जमध्ये 'अॅक्टिव्हेशन' हा भाग उघडल्यावर डिजिटल परवान्याने सक्रिय झाल्याचा उल्लेख दिसला तर ती चांगली खूण आहे, पण तेवढ्यावर थांबू नये. अॅडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने काळी कमांड खिडकी उघडून एस-एल-एम-जी-आर ही इंग्रजी अक्षरे, एक जागा सोडून तिरकी रेघ आणि डी-एल-आय, म्हणजे slmgr /dli, एवढे टंकित करावे. जी चौकट उघडेल तिच्यात परवान्याचा मार्ग लिहिलेला असतो. 'ओईएम डीएम' असे दिसले तर की मदरबोर्डातच कोरलेली आहे आणि संगणक कारखान्यातून विंडोजसह आला आहे. 'रिटेल' असल्यास बिल शोधावे. 'व्हॉल्यूम' हा शब्द दिसला आणि आपल्या पेढीने मायक्रोसॉफ्टशी कधीही व्हॉल्यूम करार केलेला नसेल, तर ती प्रत आपली नाही, मग ती कितीही व्यवस्थित चालत असो. डी-एल-आयच्या जागी एक्स-पी-आर लिहिले, तर सक्रियता कायमची आहे की तिला तारीख आहे ते कळते. तारीख दिसली तर ती प्रत बहुतेक केएमएसची असते, कारण त्या यंत्रणेत सक्रियता १८० दिवसांचीच असते आणि नंतर तिचे नूतनीकरण करावे लागते.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. २०१२ मध्ये विंडोज ८ आल्यापासून ब्रँडेड संगणकांवर पंचवीस अक्षरांचे कागदी लेबल नसते. की मदरबोर्डात असते. पेढीतले लोक संगणक उलटा करून लेबल शोधतात, ते न सापडल्यामुळे परवाना नाही असे समजतात, आणि मग दुकानदार त्यांना दुसऱ्यांदा परवाना विकतो. त्याच मदरबोर्डावर तीच आवृत्ती पुन्हा बसवली, तर विंडोज ती की आपोआप उचलते. विंडोज बसवण्याची फाइल मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर मोफत मिळते, त्यामुळे पेन ड्राइव्ह किंवा डीव्हीडीसाठी वेगळे पैसे देण्याचे कारण नाही.

आपल्या तीन नव्या ब्रँडेड संगणकांवर विंडोज १० अस्सल असेल आणि त्यांचे प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचे किंवा त्यापुढचे असतील, तर विंडोज ११ त्यांना मोफत मिळते. मायक्रोसॉफ्टचे 'पीसी हेल्थ चेक' हे छोटे साधन चालवून खात्री करावी. त्याने टीपीएम, म्हणजे विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप, नसल्याचे सांगितले तरी लगेच हार मानू नये. पुष्कळ संगणकांत टीपीएम असते, पण बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद ठेवलेले असते. ते चालू करण्यास काहीही खर्च येत नाही.

असेंबल केलेल्या दोन संगणकांविषयी माझा अंदाज प्रतिकूल आहे. असे संगणक विकताना परवान्याचे पैसे बिलात क्वचितच लावलेले असतात. जुन्या विंडोज ७ चे लेबल डब्यावर असले, तरी आता त्याचा उपयोग नाही: त्यावरून विंडोज १० वर जाण्याच्या मोफत अपग्रेडची जाहीर मुदत २९ जुलै २०१६ रोजीच संपली होती, त्यानंतरही जुन्या की चालत राहिल्या, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने तो मार्गही बंद केला. त्यांपैकी जो संगणक विंडोज ११ च्या पात्रतेत बसेल, त्याच्यासाठी एक रिटेल परवाना घ्यावा. असेंबल केलेल्या संगणकाचे भाग पुढेमागे बदलले जातातच, म्हणून तेथे रिटेलचे जास्तीचे पैसे वाया जात नाहीत. जो बसणार नाही, त्याच्यावर पैसे घालू नयेत.

२०१६ च्या दोन संगणकांकडे परवाना बहुधा आहे, पण प्रोसेसर जुना असल्यामुळे ते विंडोज ११ ला पात्र नाहीत. विंडोज १० चा आधार, म्हणजे त्याला नियमित मिळणारी सुरक्षा अद्यतने, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी सुरक्षा अद्यतने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवण्याची योजना मायक्रोसॉफ्टने जाहीर केली, आणि सेटिंग्ज आपल्या खात्याशी जोडल्यास त्यासाठी पैसेही लागत नाहीत. मात्र ती योजना व्यावसायिक वापरासाठी नाही. पेढ्यांसाठीचा दर पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर असून तो दर वर्षी दुप्पट होतो, आणि ही सोय जास्तीत जास्त तीन वर्षे मिळते. दहा वर्षांच्या जुन्या यंत्रावर हा खर्च करावा असे मी सुचवणार नाही. त्या संगणकांवर केवळ आवक-जावकीच्या नोंदी पाहणे, ई-मेल आणि ब्राउझरमधली कामे होत असतील, तर विंडोजच्या जागी उबुंटू किंवा लिनक्स मिंट या लिनक्सच्या प्रणालींपैकी एक बसवावी. ती पूर्णपणे कायदेशीर आणि विनामूल्य आहेत, आणि उबुंटूच्या २४.०४ या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला पाच वर्षे सुरक्षा अद्यतने मिळतात. युनिकोड मराठी त्यांवर उत्तम चालते. मात्र टॅलीप्राइम विंडोजवरच चालते, श्रीलिपीसारखे जुने फॉन्टही विंडोजवरच सोयीचे पडतात, आणि डिजिटल सहीचा टोकन ज्या संगणकाला लावता तोही विंडोजवरच ठेवावा. लिनक्सवर त्यासाठी केलेली खटपट मी अनेकदा पस्तावून सोडली आहे.

दरपत्रकात सातही ठिकाणी 'प्रो' का लिहिले आहे, हेही दुकानदाराला विचारावे. डोमेनला, म्हणजे एका सर्व्हरवरून सांभाळल्या जाणाऱ्या कार्यालयीन जाळ्याला, जोडणे, ग्रुप पॉलिसी, म्हणजे संगणकावरचे वापराचे नियम, लावणे आणि बाहेरून रिमोट डेस्कटॉपने त्या संगणकात शिरणे, ही कामे होमवर होत नाहीत. पेढीत ही गरज फार तर एका संगणकाला असते. एका संगणकावर टॅलीचा डेटा ठेवून बाकीच्यांनी नेटवर्कवरून तो वापरणे होमवरही चालते. विंडोजच्या परवान्याच्या अटींनुसार फाइल आणि प्रिंटर यांच्या सामाईक वापरासाठी वीस उपकरणांपर्यंत जोडणी करता येते. ज्याला खरोखर प्रो हवे, त्या एकाच संगणकावर होमवरून प्रोवर जाण्याचा परवाना मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्यावा. तो संपूर्ण प्रोपेक्षा स्वस्त असतो. एकाच प्रोमध्ये फाइल बदलून चार-पाच जणांना एकाच वेळी रिमोटने आत घेण्याची युक्ती आपल्याकडे सर्रास चालते. ती परवान्याच्या अटींविरुद्ध आहे, आणि त्या कामासाठी विंडोज सर्व्हर व त्याचे वेगळे परवाने लागतात.

जुन्याच्या जागी नवा संगणक घ्यायचा झाला, तर 'डॉस'वाला स्वस्त संगणक घेऊन नंतर विंडोज घालण्याचा मोह टाळावा. विंडोज होमसह आणि विंडोजविना अशा एकाच मॉडेलच्या किमतींतला फरक मी जेव्हा जेव्हा पाहिला, तेव्हा तो स्वतंत्र रिटेल परवान्याच्या किमतीपेक्षा बराच कमी निघाला. बजेट अगदी कमी असेल, तर नूतनीकरण केलेला ब्रँडेड संगणकही चालतो. मायक्रोसॉफ्टच्या नूतनीकरण कार्यक्रमात असलेले विक्रेते अशा यंत्रांवर वेगळा परवाना देतात आणि त्याचे लेबल डब्यावर असते. तो परवाना त्या संगणकाबरोबरच विकला जातो. सुटे लेबल कोणी विकत असेल तर ते घेऊ नये, कारण लेबल हा अस्सलपणाचा दाखला आहे, परवाना नव्हे. व्हॉल्यूम परवान्याचे नाव दुकानदाराने काढले, तर एक गोष्ट माहीत असावी: डेस्कटॉप विंडोजचा व्हॉल्यूम परवाना हा अपग्रेडचाच असतो, म्हणजे त्याखाली मूळ परवाना असावाच लागतो. मूळ परवानाच नसलेले अनेक संगणक कायदेशीर करून घेण्यासाठी संस्थांना 'गेट जेन्युइन' नावाचा वेगळा परवाना अधिकृत भागीदारांकडून मिळतो. एका-दोन संगणकांसाठी रिटेल सोपा.

पेढी जीएसटी नोंदणीकृत असल्यास सॉफ्टवेअरवरील १८ टक्के कराचे इनपुट क्रेडिट घेता येते. १०,००० रुपयांच्या परवान्यावरचे १,८०० रुपये अशा रीतीने हिशेबात परत मिळतात. पेढीच्या नावाचे व जीएसटी क्रमांकाचे बिल न देणाऱ्या विक्रेत्याच्या तुलनेत हा फरकही मोजावा. कायद्याविषयी थोडक्यात सांगायचे, तर कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ६३बी नुसार बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरल्यास सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. व्यापारासाठी वापर नसेल तर न्यायालयाला सौम्य शिक्षा देता येते, पण अडत पेढीचा वापर व्यापारासाठीच असतो.

परवाना घेतल्यावर तो कोणाच्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडला जातो, इकडे लक्ष द्यावे. विंडोज बसवणारा मुलगा घाईत स्वतःच्या ई-मेलने आत शिरतो, डिजिटल परवाना त्याच्या खात्याला जोडला जातो, आणि पुढे बोर्ड बदलला की परवाना परत मिळवण्यासाठी त्याला शोधत पुण्यापर्यंत फोन करावे लागतात. पेढीच्या नावाचे एक खाते आधी उघडावे, त्याचा पासवर्ड मालकांकडे असावा आणि परवान्यांची बिले त्याच ई-मेलवर मागवावीत. कागदी कार्ड आले तर त्याचे छायाचित्र काढून तेथेच ठेवावे आणि मूळ कार्ड वरच्या मजल्यावर न्यावे.

सातही संगणकांची तपासणी होईपर्यंत आपल्या दुकानदाराचे दरपत्रक परत पाठवावे आणि नवे मागताना प्रत्येक ओळीत आवृत्ती होम की प्रो, परवाना ओईएम की रिटेल, आणि तो कोणत्या संगणकासाठी, एवढे स्पष्ट लिहून मागावे. 'विंडोज ११, नग ७' एवढीच नोंद असलेले दरपत्रक स्वीकारू नये.